ठोका चुकतो तेव्हा डॉक्टर जवळ नसतात: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: हृदयाच्या ठोक्यांचा आजार असलेल्या मुलांचा ईसीजी गावाजवळ काढून दूरच्या बालहृदयरोगतज्ज्ञाकडून वाचून घेण्याची सोय

महोदय,

मी सिंधुदुर्गातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझी मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. अंगणात खेळता खेळता ती माझ्याजवळ आली, माझा हात धरून तिने स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "आये, धडधडता." हाताखालचे ठोके मला मोजता येईनात, इतके ते भराभर पडत होते. ओठ पांढरे पडले होते. पंचवीस मिनिटांनी ते जसं सुरू झालं तसंच एकदम थांबलं आणि ती पुन्हा खेळायला पळाली.

त्यानंतरची दोन वर्षं आम्ही एका कागदामागे धावलो: धडधड चालू असताना काढलेला ईसीजी. प्राथमिक आरोग्य केंद्र घरापासून नऊ किलोमीटर. रिक्षा मिळून तिथे पोहोचेपर्यंत ठोके जागेवर आलेले असायचे. मग तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग कोकणकन्येने रात्रभर बसून मुंबईला. प्रत्येक ठिकाणी ईसीजी निघाला आणि प्रत्येक वेळी नॉर्मल आला. चोवीस तास अंगाला लावून ठेवायचं ईसीजीचं यंत्र, होल्टर, तेही दोनदा लावलं. त्या दोन्ही दिवशी काहीच झालं नाही. एका मोठ्या रुग्णालयात मला सांगितलं, मुलगी घाबरट आहे, अभ्यासाचा ताण देऊ नका. दुसरीतल्या लेकराला कसला आलाय अभ्यासाचा ताण! पण ते ऐकून मी तिच्यावर संशय घेतला. एकदा तिने छातीवर हात ठेवला तेव्हा मी तिला "नाटकं करू नको" म्हणाले. ते शब्द मला अजून टोचतात.

शेवटी मस्कतला नोकरीला असलेल्या भाच्याने बोटाएवढं एक यंत्र आणून दिलं. दोन्ही हातांची बोटं त्यावर टेकवली की फोनवर ईसीजी उमटतो. तिसऱ्या आठवड्यात धडधड सुरू झाली, तिने स्वतःच बोटं टेकवली, आणि पडद्यावर आकडा आला 228. ती रेघ मी मुंबईच्या डॉक्टरांना पाठवली. तासाभरात उत्तर आलं: एसव्हीटी, म्हणजे अचानक सुरू होणारी अतिवेगवान धडधड. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज जायला एकच वाट असते. हिला जन्मतःच आणखी एक बारीक वाट होती. वीज एका वाटेने खाली उतरायची, दुसरीने वर चढायची आणि घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत राहायची. धडधड नसताना काढलेल्या ईसीजीत ती वाट दिसतच नव्हती. पुढे सरकारी योजनेतून तिच्यावर अॅब्लेशन झालं, म्हणजे पायाच्या शिरेतून तार नेऊन ती जास्तीची वाट जाळली. मुलगी आज चौथीत आहे, शर्यतीत धावते. त्या योजनेसाठी सरकारचे मी मनापासून आभार मानते. पण उपचार काही तासांत झाला आणि त्याआधीचा पुरावा मिळवायला दोन वर्षं गेली, तीही भाचा मस्कतला होता म्हणून दोनच.

महोदय, हृदयाला छिद्र असेल तर ते आज असतं तसं उद्याही असतं. शिबिरात टू-डी इको केला की सापडतं. माझ्या मुलीसारखा धडधडीचा आजार बहुतेक वेळा जेवढा वेळ चालू, तेवढाच वेळ दिसतो. म्हणून या मुलांसाठी दूरवैद्यक सेवा ही प्रवास वाचवण्याची सोय नाही. आमच्यासारख्या गावांत निदानाचा तोच मार्ग आहे. माझी मुलगी किमान "धडधडता" म्हणू शकली. तान्ह्या बाळाचे ठोके मिनिटाला 220 च्या वर गेले तर ते फक्त दूध सोडतं, घामाघूम होतं, किरकिरतं. आईला वाटतं पोट दुखतंय. असं दीड-दोन दिवस चाललं तर हृदय थकून जातं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच पालघरमधून देशभर सुरू झाला. त्याचं पथक माझ्या शाळेत दरवर्षी येतं आणि मन लावून काम करतं. त्यांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे, संधिवाताच्या तापाने (रुमॅटिक फीव्हर) होणारा हृदयविकार आहे, आकडी आहे, बहिरेपण आहे. ठोक्यांचे आजार नाहीत. यातल्या शेवटच्या दोन नावांकडे आपण विशेष लक्ष द्यावं, अशी माझी विनंती आहे. लाँग क्यूटी नावाचा ठोक्यांचाच एक आजार साधारण दोन हजारांत एकाला असतो. पोहताना, धावताना किंवा अचानक दचकल्यावर अशी मुलं कोसळतात, हातपाय झटकतात, आणि सगळे म्हणतात आकडी आली. मग वर्षानुवर्षं आकडीची औषधं चालू राहतात, मूळ दुखणं मात्र छातीत असतं. या आजाराच्या एका दुर्मीळ प्रकारात मूल जन्मतःच बहिरं असतं. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच तो होतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न आजही होतं. कर्णबधिर मुलाला श्रवणयंत्र देतो, कॉक्लिअर इम्प्लांट करतो, तेव्हा छातीला आणि हातापायांना तारा लावून एक साधा बारा लीडचा (बारा बाजूंनी पाहणारा) ईसीजी काढणं अवघड नाही. आकडी येणाऱ्या आणि धावताना बेशुद्ध पडलेल्या प्रत्येक मुलाचाही तो निघायला हवा.

कोणी म्हणेल, फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारची ई-संजीवनी आहे, हृदयविकाराच्या झटक्यासाठी ईसीजी दूरवर पाठवायची स्टेमीची व्यवस्थाही आहे. आहे, आणि म्हणूनच मी हे मागायचं धाडस करते आहे. पाया घातलेला आहे. फक्त ती व्यवस्था मोठ्या माणसांच्या झटक्यासाठी उभी राहिली. मुलाचा ईसीजी वेगळा असतो. नवजात बाळाचे मिनिटाला 140 ठोके अगदी नॉर्मल. छातीच्या उजव्या बाजूच्या लीडमध्ये टी लहर (ईसीजीत प्रत्येक ठोक्याच्या शेवटी उमटणारा उंचवटा) उलटी दिसणं मोठ्या माणसात काळजीचं ठरू शकतं, लहान मुलात ते स्वाभाविक असतं. मोठ्यांच्या मापाने छापून येणाऱ्या आपोआप निदानावर मुलांच्या बाबतीत विसंबता येत नाही. तो कागद बालहृदयरोगतज्ज्ञांच्या नजरेखालूनच जायला हवा. असे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांतच भेटतात. त्यांना गावोगाव पाठवा असं मी म्हणत नाही. राज्यभरासाठी त्यांची एक पाळी लावा, आणि आरोग्य केंद्रातून आलेला मुलाचा ईसीजी त्यांनी अर्ध्या तासात वाचावा, असं बंधन घाला.

तो पाठवायची पद्धत मात्र आमच्या डोंगरांना झेपेल अशी असू द्या. माझ्या शाळेत रेंज हवी तर मागच्या माळावर चढावं लागतं. व्हिडिओ कॉल तिथे चालत नाही, फोटो जातो. नर्सताईंनी फोटो काढावा, रेंज आली की तो आपोआप जावा. आणि धडधड चालू असलेलं मूल समोर असेल, तर पलीकडच्या डॉक्टरांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोनवर पायरीपायरीने सांगावं. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्यावर बर्फाच्या पाण्याची पिशवी काही सेकंद कशी ठेवायची, मोठ्या मुलाला श्वास रोखून जोर कसा करायला लावायचा, धडधड थांबवणारं अॅडेनोसिन हे औषध शिरेतून झटकन का द्यावं लागतं (ते शरीरात काही सेकंदच टिकतं), आणि हे सगळं करताना ईसीजीची पट्टी चालू का ठेवायची. त्याच पट्टीत निदान असतं.

मला भाच्याने दिलं तसं यंत्र काही हजार रुपयांत येतं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने अशी थोडी यंत्रं ठेवावीत आणि ज्या घरी मूल "धडधडतंय" म्हणतं, त्या घरी दोन-तीन महिन्यांसाठी ती द्यावीत, ग्रंथालयातून पुस्तक न्यावं तशी.

निदान झाल्यावरही दूरवैद्यकाचं काम संपत नाही. गोळ्यांचा डोस वजनावर ठरतो आणि मूल तर वाढतंच असतं. आमच्या भागात पातळ औषध मिळालं नाही, मी भाकरी मोडावी तसे गोळीचे तुकडे करत होते. वजन आमच्या केंद्रात करून डोस मुंबईहून कळला असता, तर त्यासाठी माझे पाच दिवस आणि मुलीची शाळा बुडाली नसती. लाँग क्यूटीच्या मुलाला उलटीवरचं ऑन्डानसेट्रॉन किंवा घशाच्या संसर्गावरचं अॅझिथ्रोमायसिन धोक्याचं ठरू शकतं. ते लिहिण्यापूर्वी गावच्या डॉक्टरांना विचारायला एक नंबर हवा. जन्मतःच हार्ट ब्लॉक (हृदयात वरून खाली वीज नीट न पोहोचणं) असलेल्या ज्या मुलांना पेसमेकर बसवतात, त्यांचा पेसमेकर आता घरूनही तपासता येतो. ती सोय योजनेतल्या मुलांनाही मिळावी.

बेशुद्ध पडलेल्या मुलाला फोन वाचवणार नाही, हे मला कळतं. तिथे 108 लागेल, छाती दाबायला येणारा माणूस लागेल. आम्हा शिक्षकांना ते शिकवा, आम्ही शिकू.

सुरुवात एका जिल्ह्यापासून करायची असेल, तर सिंधुदुर्गापासून करा. आमच्या केंद्रातल्या नर्सताई तयार आहेत, मी त्यांना विचारलंय. धडधड चालू असताना ईसीजी काढायला पळत येणाऱ्या आईला दारातच थांबवून केसपेपर काढायला सांगू नये, एवढा आदेश तर उद्याही निघू शकतो.

आपली नम्र,
एक आई आणि प्राथमिक शिक्षिका,
जिल्हा सिंधुदुर्ग