संगणक दान करताना स्क्रूसुद्धा द्या

संपादक महोदय,

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची साथ सोडली. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे 2015-16 साली घेतलेले, अजून ठणठणीत चालणारे संगणकही कार्यालयांना नकोसे झाले आहेत. त्यातले बरेच कबाड्याकडे किलोच्या भावाने जातात. काही मात्र, ज्यांना नवा संगणक परवडत नाही अशा घरांसाठी दिले जातात. हे पत्र त्या देण्याच्या पद्धतीविषयी आहे.

असे दिलेले संगणक आम्ही दुरुस्त करतो. दुरुस्तीत सर्वाधिक वेळ बिघाडात जात नाही, गायब भाग शोधण्यात जातो. डेटा बाहेर जाईल या भीतीने हार्ड डिस्क काढून ठेवतात, ते समजू शकतो. पण तिच्यासोबत कॅडी (डिस्क बसवायची चौकट), चार बारीक स्क्रू आणि लॅपटॉपमधला पट्टीसारखा कनेक्टरही निघून जातो. हा कनेक्टर मॉडेलनुसार बदलतो, नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानांत हमखास मिळेल असे नाही आणि बोटभर पट्टीपायी अख्खा लॅपटॉप पडून राहतो. चार्जर वेगळ्या पोत्यात येतात, कधी येतच नाहीत. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधोमध बारीक पिन असते, तिच्यावरून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप सुरू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालतो. मग ‘मशीन स्लो आहे’ असा शेरा बसतो. म्हणून प्रत्येक लॅपटॉपला त्याचाच चार्जर टेपने बांधून द्यावा. बायोसचा (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचा) पासवर्ड आणि कंपनीच्या नियंत्रणाचे कुलूप आयटी विभागाने आधीच काढावे. नंतर ते काढण्याचा सरळ मार्ग नसतो.

आता डेटाविषयी. फॉरमॅट केल्याने डेटा पुसला जात नाही, फक्त अनुक्रमणिका जाते. फिरत्या हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्ये लिहिली की पुरते. सात-सात वेळा लिहिण्याची आजच्या डिस्कना गरज नाही. 500 जीबीला साधारण दीड ते दोन तास लागतात, संध्याकाळी लावून घरी जाता येते. एसएसडीला ही युक्ती चालत नाही. ती झिजू नये म्हणून लेखन आतल्या आत फिरवत असते आणि जुने तुकडे मागे राहतात. तिच्यासाठी बायोसमधली किंवा उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधली ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा वापरावी, बहुधा काही मिनिटांत काम होते. ड्राइव्ह ‘फ्रोझन’ असल्याचा संदेश आला तर संगणक एकदा स्लीपमध्ये टाकून जागा करावा, बहुतेकदा कुलूप सुटते. पुसलेल्या प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक यादीत नोंदवून सही घ्यावी. एवढे करूनही धाकधूक असेल तर डिस्क खुशाल ठेवून घ्या, कॅडी आणि स्क्रू तेवढे राहू द्या.

सरकारी कार्यालयांचे दुखणे आणखी वेगळे. जडवस्तू संग्रह नोंदवहीतून निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे नाव रीतसर कमी होईपर्यंत, संगणक भांडारात पडून राहतात, कधी गळक्या छताखाली दोन-दोन पावसाळे. शून्यावर उतरलेली लिथियम बॅटरी तशीच राहिली की तिचे संरक्षक सर्किट तिला पुन्हा चार्ज होऊ देत नाही. निर्लेखनाचा प्रस्ताव टेबलावर असेल तोवर लॅपटॉप निम्मा चार्ज करून, कोरड्या जागी, जमिनीपासून वर ठेवायला कुणाची मंजुरी लागू नये.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. प्रथम कॅबिनेट उघडून ब्लोअर मारायचा, पण पंख्याचे पाते बोटाने धरून. मोकळे भरधाव फिरले तर बेअरिंग जाते. मदरबोर्डवर डोके फुगलेले कॅपॅसिटर दिसले तर तो बोर्ड बाजूला. जुन्या एसएमपीएसला (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) मागे 115/230 चे लाल बटण असते, ते 230 वर आहे ना, हे वायर लावण्याआधी पाहायचे. चुकून 115 वर असेल तर धडाका होतो आणि एसएमपीएस जातो. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदलायचा. तो उतरला की तारीख मागे जाते, ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित म्हणतो आणि घरच्यांना वाटते इंटरनेट बिघडले. डिस्प्ले येत नसेल तर रॅम काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसायचे, पॉलिश पेपरने कदापि नाही. मग एकच रॅम लावून सुरू करायचे. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवायची. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी ‘स्मार्ट’ नोंद ठेवते, तीत ‘पेंडिंग’ किंवा ‘रिअॅलोकेटेड’ सेक्टर, म्हणजे खराब झालेले तुकडे, दिसले तर ती डिस्क कुणाच्या घरी जाता कामा नये. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल तर खाली बॅटरी फुगलेली असते. ती दाबू नये, टोचू नये; काढून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवावी.

आमच्या मते किमान पात्रता अशी: इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 240 किंवा 256 जीबी एसएसडी. सर्वांत मोठा फरक एसएसडीने पडतो. त्याखालचे कोअर 2 ड्युओ सुरू होतात, पण ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावला की धापा टाकतात आणि वीज खातात ती वेगळीच. रॅमचे भाव चढल्यापासून दोन मशीनची रॅम एकात घालावी लागते. तेव्हा दहा संगणक आले म्हणजे दहा घरी पोहोचतील, असे दात्यांनी धरू नये.

नागपूरचा उन्हाळा हा या कामातला वेगळा धडा आहे. जानेवारीत 25 अंशांच्या खोलीत प्रोसेसर भाराखाली 75 अंशांवर थांबला तर आपण खूश होतो. मात्र भोवतालच्या हवेपेक्षा तो जितका तापतो तो फरक साधारण तेवढाच राहतो. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली 45 अंश झाले की तोच प्रोसेसर 95 वर जातो आणि जीव वाचवायला वेग कमी करतो. म्हणून प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे (त्यावरच्या धातूच्या ठोकळ्याकडे) नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर खरवडून वाटाण्याएवढी नवी लावायची आणि हिवाळ्यात भाराखाली 65 च्या वर जाणारे मशीन पास करायचे नाही. संगणक कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, हेही घरी सांगावे लागते. ओल्या हवेत धूळ हीटसिंकवर चिखलासारखी बसते आणि ब्लोअरनेही निघत नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. अर्थिंग नसलेल्या घरात डेस्कटॉपच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कॅपॅसिटर थोडा प्रवाह कॅबिनेटकडे सोडतात, त्याला जमिनीत जायला वाट हवी असते. त्यावर उपाय म्हणून प्लगची तिसरी पिन तोडणे किंवा अर्थ आणि न्यूट्रल जोडणे म्हणजे जिवाशी खेळ. अर्थिंग होईपर्यंत अशा घरी प्लास्टिक बॉडीचा लॅपटॉप द्यावा. त्याचे वीजबिलही कमी येते: रोज चार तास धरले तर 80 वॉटचा डेस्कटॉप महिन्याला साडेनऊ युनिटांच्या आसपास घेतो, 30 वॉटचा लॅपटॉप साडेतीनच्या.

सॉफ्टवेअरचे थोडक्यात. क्रॅक केलेले विंडोज कुणी फुकट घालून देत असेल तरी घेऊ नये, त्यातून व्हायरस घरात येतो. विंडोजऐवजी मोफत मिळणाऱ्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती या मशीनवर हलकी चालते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक आणि लिबरऑफिस त्यावर मिळतात. डेस्कटॉपमध्ये बहुधा वायफाय नसते, पण मोबाइल यूएसबी केबलने जोडून टिदरिंग केले की डोंगलशिवाय इंटरनेट येते. सगळे अपडेट देण्याआधीच उतरवावेत, नाहीतर पहिल्याच दिवशी घरच्या मोबाइलचा डेटा संपतो. मुलांना माउसचा सराव लागतो हेही लक्षात असू द्या, कारण एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा संगणकावरच द्यायची असते आणि महाडीबीटीचे शिष्यवृत्ती अर्ज मोबाइलवर भरताना कागदपत्रे ठरावीक केबीत बसवणे कठीण जाते.

जे संगणक दुरुस्त होत नाहीत ते ई-कचरा (व्यवस्थापन) नियम 2022 नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवेत. कबाड्याकडे गेले तर तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. 31 मार्चच्या हिशेबात निर्लेखित झालेले संगणक एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात हाती आले, तर दुरुस्तीला महिना मिळतो आणि चाचणी नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, होते. त्या नऊ दिवसांत बिनकूलरच्या खोलीत जो सलग तासभर भाराखाली बंद न पडता चालतो, तो घरी न्यायला हरकत नाही.

— जुने संगणक दुरुस्त करणारे काही तंत्रज्ञ, नागपूर