श्री. श्री ठाणेदार यांस, बेळगावहून

श्री. श्री ठाणेदार,
सदस्य, अमेरिकी प्रतिनिधीगृह (मिशिगन, मतदारसंघ क्रमांक 13)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या नावाआधी 'श्री.' लावावं की नाही, यात माझी पाच मिनिटं गेली. लावलं तर छपाईची चूक वाटते, गाळलं तर उर्मटपणा. 2018 साली तुम्ही मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिलात, तेव्हा तिथल्या लोकांची जीभ तुमच्या नावावर अडखळायची आणि तुम्ही त्याचीच टीव्हीवर जाहिरात केलीत. मला ती युक्ती आवडली होती. आमच्याकडे मात्र हे नाव गेली वीस वर्षं फारच सहज तोंडात येतं. बारावीला केमिस्ट्रीत कमी मार्क पडले की बाप म्हणणार, "तो ठाणेदार बघ, चिकोडीचा."

चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, वडील निवृत्त झाल्यावर चौदाव्या वर्षापासून मिळेल ते काम, धारवाडच्या विद्यापीठाची बी.एस्सी., मुंबईची एम.एस्सी., भाभा अणुसंशोधन केंद्र, 1979 मध्ये अमेरिकेतलं ॲक्रन विद्यापीठ, तीन वर्षांत डॉक्टरेट, मग 1991 मध्ये कर्ज काढून घेतलेली सेंट लुईसची केमिर प्रयोगशाळा. हे इथल्या पोरांना पाठ आहे. तुमचं मराठी आत्मचरित्र मी वाचनालयातून तीनदा नेलं. तिसऱ्या वेळी त्याची बांधणी सुटली होती आणि कोणीतरी दोऱ्याने पानं शिवली होती.

तरीही हे पत्र कौतुकाचं नाही.

तुमचा जन्म 22 फेब्रुवारी 1955 चा. तेव्हा चिकोडी मुंबई राज्यात होती. 1 नोव्हेंबर 1956 ला आपला मुलूख म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा तुम्ही पावणेदोन वर्षांचेही नव्हता. त्यानंतर काय काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याला कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा, दर एक नोव्हेंबरचा काळा दिन तुम्ही पाहिला असणार. माझी आई एका सरकारी कचेरीत उताऱ्यासाठी गेली होती, ते सांगते. अर्ज कन्नडमध्ये. खिडकीतल्या माणसाला मराठी येत होतं, बाहेर चहाच्या गाड्यावर तो मराठीतच बोलायचा. आत बसला की कन्नड. आईने अर्ज उलटा धरला होता, हे तिला तिसऱ्या माणसाने सांगितलं. ती परत आली आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसतीच भांडी लावत बसली. त्या वर्षी निवडणुकीत आमच्या घरातली सगळी मतं मराठी माणसांच्या महाराष्ट्र एकीकरण समितीला पडली. उमेदवार शिकलेला आहे का, रस्ते करील का, असलं कोणी काही विचारलं नाही. आपला माणूस, बस्स.

आता डेट्रॉईट, तुमच्या मतदारसंघाचं शहर. 1950 साली साडेअठरा लाख वस्तीचं शहर, 2020 च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्याही खाली. चारातले तीन लोक कृष्णवर्णीय. 2013 मध्ये तिथल्या महापालिकेनेच दिवाळखोरी जाहीर केली होती. या शहरातून चार्ल्स डिग्ज जानेवारी 1955 मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत गेले, म्हणजे तुमच्या जन्माच्या आदल्या महिन्यात. त्याच वर्षी मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्यांनी खून केला. त्या खटल्याला हे डिग्ज मिशिगनहून जाऊन कोर्टात बसले. निकाल काय लागणार हे सगळ्यांना माहीत होतं, आरोपी सुटलेच. तरी काँग्रेसचा एक कृष्णवर्णीय सदस्य तिथे येऊन बसला, हे मिसिसिपीतल्या लोकांनी पाहिलं. पुढे 1965 मध्ये जॉन कॉनयर्स काँग्रेसमध्ये गेले, तेव्हा त्यांच्या डेट्रॉईटच्या कचेरीत लोकांची गाऱ्हाणी कोण ऐकून घ्यायचं? रोझा पार्क्स! गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा न सोडणारी ती बाई त्या कचेरीत 1988 पर्यंत नोकरी करत होती. घराचं भाडं, छप्पर, असल्या तक्रारी घेऊन येणाऱ्याला समोर ती दिसायची. आमच्या आईला त्या खिडकीत असं कोणी दिसलं असतं तर?

डेट्रॉईटच्या कृष्णवर्णीय सदस्यांची ही साखळी 68 वर्षं तुटली नव्हती. जानेवारी 2023 मध्ये तुम्ही शपथ घेतलीत आणि डेट्रॉईटचा एकही कृष्णवर्णीय सदस्य काँग्रेसमध्ये उरला नाही.

तुम्ही कायद्याने जिंकलात. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत नऊ उमेदवार, मतं फुटली, तुम्हाला साधारण 28 टक्के पडली, तेवढी पुरली. स्वतःचा पैसा ओतलात, तोही त्यांच्या कायद्याला चालतो. गव्हर्नरपदासाठी तर एक कोटी डॉलरच्या वर घालून तिसरे आला होता. पडल्यावर ॲन आर्बरहून डेट्रॉईटला राहायला गेलात, 2020 मध्ये राज्याच्या सभागृहात आणि दोन वर्षांनी वॉशिंग्टनला. 2024 मध्ये पुन्हा निवडून आलात. चिवटपणा बेळगावचाच, त्यात शंका नाही. (आपल्या मुलखासाठी महाराष्ट्राने केलेला दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे.)

आणि आपला माणूस म्हणजे चांगला माणूस, असंही नाही. हे मला इथेच कळलंय. समितीच्या लोकांनी आपसांत भांडून इतक्या जागा घालवल्या, की 2018 मध्ये एकही आमदार उरला नाही, 2023 मध्येही तेच. डिग्ज स्वतः कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या पैशांत हात मारून दोषी ठरले. कॉनयर्स यांना लैंगिक छळाच्या आरोपांवरून 2017 मध्ये जावं लागलं. तेव्हा तुम्ही उभंच राहायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. पण डेट्रॉईटची एखादी बाई "आमचं माणूस तिथे कुठाय?" असं विचारते, तेव्हा तुम्ही तिला तुमच्या गरिबीची गोष्ट सांगता, ते मला खटकतं. कचेरीतल्या त्या माणसानेही आईला सांगितलं असतं, की मीही गरिबीतून वर आलोय. तिचा प्रश्न तो नव्हताच. तुमच्याइतकं हे अमेरिकी काँग्रेसमध्ये दुसऱ्या कोणाला कळणार? तिथे काळा दिन पाहिलेला दुसरा कोण आहे?

28 एप्रिल 2025 ला तुम्ही ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचे सात आरोप मांडलेत. पक्षाने साथ दिली नाही, सुरुवातीला सही केलेल्यांनी नावं काढून घेतली, आणि 14 मे रोजी मतदानाचा आग्रह तुम्ही स्वतःच सोडलात. आरोप बरोबर होते की चूक, हा तुमच्या देशाचा प्रश्न. मला दिसला तो एकटा उठून बोलणारा माणूस, 2018 च्या जाहिरातींतला तोच. बरोबर कोणी आहे का, हे आधी बघायची सवय तुम्हाला लागलेली नाही. उद्योजकाचं त्यावाचून अडत नसेल. प्रतिनिधीचं अडतं.

माझी मागणी एकच आहे. आत्मचरित्राचा पुढचा भाग लिहा, आणि मराठीतच लिहा. पहिलं पुस्तक आलं तेव्हा तुम्ही यशस्वी उद्योजक होतात, त्यानंतरचं आम्हाला तुमच्याकडून ऐकायचंय. न्यू जर्सीतली तुमच्या कंपनीची ती प्राण्यांवर चाचण्या करणारी प्रयोगशाळाही त्यात येऊ द्या. 2010 मध्ये ती बंद पडली तेव्हा शंभरावर बीगल कुत्री आणि पन्नासेक माकडं आत राहिली. बँकेने ताबा घेतला होता, आपल्या हातात काही उरलं नव्हतं, असं तुमचं म्हणणं आहे. असेल. प्राणी पुढे वाचले, हेही खरं. पण कर्ज काढून कंपनी घेणारा ठाणेदार पोरांना पाठ आहे, कर्जाने कंपनी गेलेला ठाणेदार त्यांना ठाऊकच नाही. बँकेने कुलूप लावलं त्या रात्री झोप आली का, ते लिहा. 28 टक्क्यांवर उमेदवारी मिळवलेला माणूस उरलेल्या 72 टक्क्यांच्या गल्लीत पहिल्यांदा कसा गेला, दार कोणी उघडलं, कोणी नाही, तेही लिहा.

डेट्रॉईटच्या कचेरीत तुमच्या लोकांची गाऱ्हाणी ऐकायला आज कोण बसतं, हेही त्यात यावं. नाव नको, नुसतं कसं बोलतात ते सांगा.

पुस्तक पाठवलंत तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा, माझ्या नको. इथे पावसाळ्यात पोस्टमन आमच्या गल्लीत येत नाही. आणि बांधणी जरा पक्की करून घ्या, फार हातांतून जाणार आहे.

आपली,
एक बेळगावकर वाचक