रिंग दहा फुटांवरच हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भारताच्या सोळा वर्षांखालील मुली आशियाई बास्केटबॉल स्पर्धेत खेळतात तेव्हा क्रीडा पानावर निकालाच्या दोन ओळी येतात. त्या दोन ओळींचंही मी कात्रण ठेवतो, कारण माझी नात नववीत आहे आणि बास्केटबॉल खेळते. तिच्याआधी आमच्या घरात फुटबॉलशिवाय दुसरा चेंडू आलेला नव्हता. शिवाजी उद्यमनगरात मी पस्तीस वर्षं फॅब्रिकेशन करतो. मला खेळातलं फार कळत नाही, लोखंडातलं कळतं.

दिवाळीआधी नातीच्याच शाळेतून बोलावणं आलं. पोरांनी लोंबकळून रिंग वाकवली होती. काम धरायचं म्हणजे आधी माप घेणं आलं. जमिनीपासून रिंग दहा फुटांवर हवी, म्हणजे ३.०५ मीटर. माझ्या टेपवर नऊ फूट सात इंच भरली. दोनदा मोजलं, मग हेल्परला मोजायला लावलं. तेच. खाली बघितल्यावर उलगडा झाला. जुन्या कोब्यावर पेव्हर ब्लॉक बसवले होते. जमीन पाच इंच वर आली आणि पोल होता तिथंच राहिला. ब्लॉकच्या फटीत चेंडू आपटला की कुठं उडेल याचा नेम नाही, ते वेगळंच.

तिथल्या एकांना सांगितलं, तर हसून म्हणाले, "काका, पोरींना बरंच की, सोपं पडतंय."

मला जुलैतली निवड चाचणी आठवली. तिथली रिंग बरोबर दहा फुटांवर होती. नातीनं दहा फ्री थ्रो मारले (फाउलनंतर कुणी न अडवता मिळणारी फेक, पडली की एक गुण), त्यातले सात रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आले. टण्, टण्. घरी येऊन म्हणाली, "आजोबा, आज हातच चालला नाही." हात चालला होता, पोरी. तो पाच इंच खाली चालायला शिकला होता.

२०१७ साली बंगळूरला आपल्या सोळा वर्षांखालील मुली आशियाई स्पर्धेचा खालचा ब गट जिंकून वरच्या अ गटात गेल्या. त्याच वर्षी, त्याच शहरात, आपल्या महिला संघानं आशियाई स्पर्धेत ब गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. फरक दोन गुणांचा, म्हणजे दोन फ्री थ्रो. वर अ गटात जपान, चीन, ऑस्ट्रेलिया बसलेले. नेमबाज राही सरनोबत, तेजस्विनी सावंत आमच्या कोल्हापूरच्या. त्यांचं टार्गेट कुणी पाच इंच खाली लावलं असतं तर चाललं असतं का?

चेंडूचीही तीच कथा. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, वजनाला अर्ध्या किलोच्या थोडा वर. मुलांचा सात नंबरचा, सहाशे ग्रॅमच्या आसपास आणि आकारानंही मोठा. शाळेत मात्र चेंडू ठेवायची एकच जाळी, तिच्यात सगळे सात नंबरचे.

माझं मागणं मोठं नाही. ज्या शाळेत बास्केटबॉलचा पोल आहे तिथं कुणीतरी शिडी लावून एकदा टेप धरावी. कमी भरलं तर रिंगमागच्या बोर्डाचे नटबोल्ट काढायचे, पोलच्या पट्टीला वर नवी छिद्रं पाडायची आणि बोर्ड चढवायचा. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, वेल्डिंगसुद्धा लागत नाही. आणि तुम्ही मुलींच्या सामन्याचा निकाल छापाल तेव्हा शेजारी फ्री थ्रो किती मिळाले, किती रिंगमध्ये पडले एवढं द्या. एका ओळीत मावतं.

आमच्या शाळेची रिंग मी दुसऱ्याच दिवशी वर घेतली. पहिला आठवडाभर नात माझ्याशी धड बोलत नव्हती, कारण आता शाळेतही टण् वाजायला लागलं होतं. हल्ली दहातले सहा पडतात. चेंडू मात्र अजून सात नंबरचाच आहे.

– एक फॅब्रिकेटर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर