मन्या, सायकलचा जंप पायांनी मारतात रे!

प्रिय मन्या,

हाताचं विचारलंस ना, हात एकदम ठणठणीत आहे. पण फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहायलाच बसलो, कारण परवाच्या रविवारी कॅनडातल्या व्हिसलर बाईक पार्कला क्रँक इट अप नावाच्या ट्रेलवरचे टेबलटॉप जंप मी पहिल्यांदा व्यवस्थित मारले आणि तुला सांगितल्याशिवाय मला चैनच पडत नाहीये.

आधी मे महिन्यात पडलो ते सांगतो. इथे घराजवळ मातीचा एक जंप आहे, कमरेएवढा पण नाही. सायकल हवेत न्यायची म्हणजे हँडल ओढायचं असंच माझ्या डोक्यात, वेताळ टेकडीवर दगड आला की आपण तसंच तर करायचो. तर लिपवर, म्हणजे उडी सुटते त्या वर वळलेल्या टोकावर पोचलो, पाय ताठ, हँडल खेचलं, आणि मागचं चाक असं उसळलं की पुढचं थेट खाली. मनगटावर आपटलो. तीन आठवडे सायकल बंद.

बरोबरच्या एकाने व्हिडिओ काढला होता, तो स्लो करून करून किती वेळा बघितला असेल. पुढचं चाक लिप सोडतं तेव्हा सायकल चांगली असते रे. मग मागचं चाक लिपवर येतं, दाबला गेलेला शॉक, म्हणजे मागच्या चाकाचं स्प्रिंगसारखं सस्पेन्शन, तिथेच सुटतो, आणि पाय लाकडासारखे ताठ असल्यामुळे सगळा धक्का अंगात येऊन मी पुढे फेकला जातो. म्हणजे बॅलन्स हवेत गेलाच नव्हता, तो जमिनीवर असतानाच गेला होता. एकदा चाकं सुटली की आपण कुठे जाऊन पडणार ते ठरलेलंच असतं, हवेत फक्त सायकलचा कोन थोडाफार बदलता येतो.

मग करायचं काय? तुला गावचा नागपंचमीचा झोका आठवतो ना, वडाला बांधलेला, त्यावर उभं राहून आपण तो चढवायचो. खाली येताना गुडघे वाकवायचे आणि बरोबर खालच्या वळणात पायांनी फळी दाबत उभं राहायचं. अगदी तेच! जंपच्या पायथ्याशी गुडघे, कोपरं वाकलेली, आणि लिपच्या गोलाईत पेडल दाबत दाबत उभं व्हायचं, सायकल आपोआप हातात येते. दोन्ही पेडल एका लेव्हलला, टाचा खाली, सीट पूर्ण खाली. लिपवर ब्रेकला हात लावायचा नाही. शॉकचा रिबाउंड, म्हणजे दाबल्यावर परत उसळायचा वेग, तो पण दोन क्लिक हळू केला, त्याने मागून बसणारी लाथ बरीच कमी झाली.

व्हिसलर व्हँकूव्हरपासून साधारण १२० किलोमीटर, लिफ्टने सायकल वर न्यायची आणि दिवसभर नुसतं उतरायचं. क्रँक इट अप ब्लू, म्हणजे मध्यम अवघड ट्रेल आहे, टेबलटॉप म्हणजे मधला भाग सपाट भरलेला, त्यामुळे उडी कमी पडली तरी खड्ड्यात जात नाहीस, शिकायला हेच बरं. पहिल्या दोन फेऱ्या सपाटीवरच धाडकन आदळलो, कारण नजर लिपवर होती. तिसऱ्या फेरीला नजर लँडिंगच्या उताराच्या कडेवर ठेवली, पायथ्याशी खाली बसलो, दाबलं, आणि मन्या, टायरचा खरखर आवाज एकदम बंद झाला, फक्त मागच्या चाकातल्या फ्रीहबची टिकटिक. पुढचं चाक हळूच खाली ढकललं आणि दोन्ही चाकं उतारावर एकदमच टेकली, टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. डोळ्यात पाणी आलं रे खरंच.

ए-लाईन ही तिथलीच दुसरी ट्रेल ब्लॅक, म्हणजे जास्त अवघड आहे, ती या सीझनला नाही. आधी हे दहातले दहा जमू देत.

आता तुझी सायकल बाल्कनीतून काढ. हेल्मेट घाल, सीट खाली घे आणि सोसायटीच्या गेटजवळचा स्पीडब्रेकर आहे ना, त्याच्यावर हळू स्पीडला फक्त पाय दाबून बघ. हँडल ओढायचं नाही. व्हिडिओ काढ आणि मला पाठव, पाय दिसतील असा.

तुझाच,
पक्या