हलक्या तोफांची गरज

ओढून न्यायच्या तोफा कालबाह्य झाल्याचे सांगणारा आपल्या अंकातील लेख वाचला. युक्रेनमधील ड्रोनहल्ल्यांचा दाखला योग्य आहे, निष्कर्ष पटत नाही. २०१८ मध्ये आपल्या देवळालीत लष्करात दाखल झालेली १५५ मिमी व्यासाचा गोळा डागणारी, ओढून न्यायची एम-७७७ तोफ टायटॅनियममुळे जेमतेम ४,२०० किलोची आहे. चिनूक हेलिकॉप्टर ती खाली लटकवून डोंगरमाथ्यावर नेते. रणगाड्यासारखी पट्ट्यांवर स्वतः धावणारी ४७ टनी के-९ वज्र तोफ तिथे कशी चढणार?

खरी अडचण जमिनीची आहे. तोफ हलकी, त्यामुळे गोळा डागतानाचा धक्का पेलायला मागचे फाळ मातीत घट्ट रुतावे लागतात. खडकावर ते धरत नाहीत, तोफ सरकते आणि नेम पुन्हा साधावा लागतो. तेवढ्यात शत्रूचे रडार गोळ्याच्या मार्गावरून आपली जागा शोधते. म्हणून पर्यायी जागा आधीच खणून ठेवाव्यात.

— एक वाचक, नाशिक