कॅन्ससचा कौल कोणी दिला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील यादवी युद्धावरील आपल्या पुरवणीतील लेखात 'राज्यांचे हक्क' हे युद्धाचे मूळ कारण म्हटले आहे आणि कॅन्सस या पश्चिमेच्या नव्या प्रदेशात गुलामगिरी असावी का, हा प्रश्न 'स्थानिक जनतेच्या मतावर सोपवला गेला' एवढ्यावर उरकला आहे. दोन्ही विधाने दिशाभूल करणारी आहेत.

१८५० च्या दशकात दक्षिणेतली गुलामगिरी मोडण्याचा प्रस्ताव कोणत्याही मोठ्या पक्षापुढे नव्हता. लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षापुढेही नव्हता. भांडण होते ते पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत ती शिरू द्यायची का, याचे. प्रत्येक नवे राज्य सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, दोन जागा घेऊन येत असल्याने दोन्ही बाजू इरेला पेटल्या होत्या. १८२० च्या मिसूरी तडजोडीने लुइझियाना खरेदीतल्या (१८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) मुलखात, मिसूरी वगळता, ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीस बंदी होती. ३० मे १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती बंदी उठवली आणि निर्णय रहिवाशांवर टाकला.

गोम इथेच होती. पहिल्या मतदानासाठी २१ वर्षांवरील गोरा पुरुष 'प्रत्यक्ष रहिवासी' असावा, एवढेच कायदा सांगत होता. किती दिवस राहिलेला, याचा उल्लेखच नाही. शेजारचे मिसूरी गुलाम बाळगणारे राज्य. ३० मार्च १८५५ ला कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा तिथल्या हत्यारबंद टोळ्या सीमा ओलांडून आल्या, मते देऊन परत गेल्या. त्याआधीच्या शिरगणतीत मतदार भरले होते २,९०५. मते पडली ६,३०७. पुढे काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) चौकशी समितीने यातली ४,९०८ बेकायदा ठरवली. कॅन्ससचे गव्हर्नर रीडर यांनी तक्रारी आलेल्या थोड्या मतदारसंघांत फेरनिवडणूक घेतली, पण तिथून निवडून आलेल्यांना नव्या कायदेमंडळाने घरी पाठवले. मग कायदा केला: कॅन्ससमध्ये गुलाम बाळगण्याचा हक्क नाही असे जो बोलेल वा छापेल, त्याला किमान दोन वर्षे सक्तमजुरी. गुलामगिरीच्या विरोधकांनी आपले वेगळे सरकार मांडले, एका प्रदेशात दोन सरकारे उभी राहिली आणि १८५६ मध्ये रक्त सांडले, ते यातूनच.

गुलामगिरीच्या बाजूच्यांनी कॅन्ससमधल्या लेकॉम्प्टन गावी कॅन्सस राज्यासाठी जी घटना तयार केली, त्या लेकॉम्प्टनच्या राज्यघटनेवरचे मतदान तर नीट तपासण्यासारखे आहे. २१ डिसेंबर १८५७ च्या मतपत्रिकेवर पर्याय दोनच: 'गुलामगिरीसह घटना' किंवा 'गुलामगिरीविना घटना'. घटनाच नको, असे म्हणायची सोय नव्हती. शिवाय दुसरा पर्याय निवडला तरी प्रदेशात आधीपासून असलेले गुलाम मालकांकडेच राहणार होते. विरोधकांनी बहिष्कार टाकला. ६,२२६ विरुद्ध ५६९ असा निकाल लागला, त्यातली २,७२० मते पुढे बनावट निघाली. अवघ्या दोन आठवड्यांनी, ४ जानेवारी १८५८ ला, घटना हवी की नको, अशा खुल्या प्रश्नावर मत घेतले तेव्हा घटनेविरुद्ध १०,२२६ मते पडली. तरीही अध्यक्ष ब्युकॅनन यांनी तीच घटना काँग्रेसपुढे रेटली. याला जनतेचा कौल कसे म्हणायचे?

आता 'राज्यांचे हक्क'. १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याने उत्तरेतल्या राज्यांत केंद्राचे आयुक्त नेमले. माणूस मालकाच्या हवाली केला तर आयुक्ताला फी १० डॉलर, सोडला तर ५. पकडलेल्याला ज्युरी नाही, स्वतःची साक्ष देण्याची मुभाही नाही. आश्रय देणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. केंद्राची ही ताकद दक्षिणेनेच मागून घेतली होती. डिसेंबर १८६० मध्ये फुटून निघताना साउथ कॅरोलायनाने जे कारणपत्र काढले, त्यात उत्तरेतल्या राज्यांची नावे घेऊन तक्रार आहे की ती राज्ये आपापले कायदे करून हा कायदा निष्फळ करतात. म्हणजे राज्यांनी हक्क वापरला, हाच गुन्हा! हे कारणपत्र सहज उपलब्ध आहे. लेखमालेच्या पुढच्या भागात त्यातला उतारा छापून आधीच्या विधानाची दुरुस्ती करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे