गढूळ रसातून पांढरी पूड

तीर्थस्वरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, “टाकीत बुरशीने औषध केलंच आहे, तर पुढे एवढा मोठा कारखाना कशाला लागतो?” उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून हे पत्र. उदाहरण पेनिसिलिनचं घेते. आमच्या कामातल्या जवळजवळ सगळ्या खोड्या त्या एका रेणूत भरलेल्या आहेत.

टाकीला आम्ही फर्मेंटर म्हणतो आणि आठवड्याभराने त्यातून निघतं त्याला ब्रॉथ. पिवळट-तपकिरी, दाट, उग्र वासाचा. त्यात बुरशीच्या धाग्यांचा लगदा, प्रथिनं, क्षार, फेस बसवायला घातलेलं तेल, आणि लिटरमागे साधारण ४० ते ५० ग्रॅम पेनिसिलिन. एक लाख लिटरच्या टाकीत चार-पाच टन माल; बाकी सगळं बाजूला काढायचं. वर हा रेणू नाजूक. त्याच्या पोटात चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. औषधाचा गुण त्या कड्यात, आणि आम्ल, अल्कली, उष्णता यांपैकी काहीही लागलं की आधी तुटतं तेही तेच.

बाबा, हे गणित तुमच्यासाठी. मालापर्यंत पोचायला पाच टप्पे आहेत आणि प्रत्येकात ९० टक्के माल हाती राहतो असं धरा. शेवटी उरतो ५९ टक्के. प्रत्येक टप्पा घासूनपुसून ९५वर नेला तर ७७. आणि काहीच न सुधारता एक टप्पा नुसता काढून टाकला तर ६६. म्हणून आमच्याकडे नवीन यंत्र आणणाऱ्यापेक्षा एखादा टप्पा गाळून दाखवणाऱ्याला जास्त मान असतो, निदान असायला हवा.

बॅच उतरवली की पहिलं काम ब्रॉथ १० अंशांच्या खाली थंड करायचं. बाहेरचा एखादा जिवाणू शिरला असेल आणि त्याला पेनिसिलिन तोडणारं विकर (एन्झाइम) बनवता येत असेल, तर उबदार ब्रॉथमधला माल तासातासाला घटतो. दुसरी भानगड उशिराची. बॅच वेळेवर उतरवली नाही तर उपाशी बुरशीचे धागे फुटून आतली प्रथिनं रसात येतात. उशीर करतात फर्मेंटरवाले, भोगतो आम्ही: गाळण तुंबते, आणि त्याहून वाईट ते दोन टप्पे पुढे दिसतं.

गाळायला फिरत्या ढोलाचा व्हॅक्यूम फिल्टर असतो. आडवा ढोल, त्यावर कापड, खालचा तिसरा हिस्सा ब्रॉथमध्ये बुडालेला, आतून व्हॅक्यूम. ढोल अगदी संथ फिरतो. बुडालेल्या भागावर लगदा चिकटतो, वर आला की त्यावर पाण्याचे तुषार पडतात, आणि पलीकडे उतरताना तो ओल्या चटईसारखा सुटून येतो. पेनिसिलिनच्या बुरशीचे धागे लांब, त्यामुळे ती बरी गळते. स्ट्रेप्टोमायसिस (बुरशीसारखे धागे असलेले जिवाणू) ही जमात चिकट. तिथे ढोलावर आधी डायटोमाइट या सच्छिद्र मातीचा पाच-दहा सेंटिमीटर जाड थर देतात आणि एक सुरी दर फेऱ्याला त्यातला केसभर भाग तासत राहते, म्हणजे गाळायला कायम ताजा पृष्ठभाग मिळतो. सुटे, बारीक जिवाणू असतील तर गाळणच सोडून सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून कण खाली बसवणारं यंत्र. कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे असतो. घनता सारखी धरली तर ५ मायक्रॉनच्या यीस्टपेक्षा १ मायक्रॉनचा जिवाणू २५ पट सावकाश बसतो.

लगदा धुवायचं पाणी बेताने सोडावं लागतं. कमी पडलं तर माल लगद्याबरोबर जातो, जास्त झालं तर रस पातळ होतो आणि त्या प्रत्येक जादा लिटरला पुढे आम्ल लागतं, द्रावक (माल विरघळवून घेणारा द्रव) लागतो, थंडावा लागतो.

आता खरी गंमत. पेनिसिलिन हे स्वतः एक आम्ल आहे. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका खाली तितकं जास्त आम्ल) ७ला ते विद्युतभार घेऊन पाण्यात सुखाने राहतं. पीएच २पर्यंत खाली आणलं की भार जातो, आणि मग त्याला पाण्यापेक्षा ब्युटाइल ॲसिटेट जवळचं वाटतं (नखांच्या रंगात वापरतात तोच द्रव; पाण्यात न मिसळणारा हाच आमचा द्रावक). पेनिसिलिनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू भाररहित असतात तो आकडा, २.७५च्या आसपास आहे. हिशोब केला तर पीएच २ला शंभरातले ८५ रेणू भाररहित असतात, पीएच ३ला फक्त ३६. एका अंकाच्या चुकीने निम्म्याहून जास्त रेणू हलायलाच तयार नसतात. मग आणखी खाली का जात नाही? कारण पीएच २ला, २४ अंशांना, निम्मं पेनिसिलिन साधारण वीस मिनिटांत मरतं. जिथे ते पाणी सोडायला तयार होतं, तिथेच ते मरायलाही लागतं.

यातून वाट काढतात ती वेगाने आणि थंडीने. गाळलेला रस पाच अंशांपर्यंत थंड. पातळ गंधकाम्ल टाकीत ओतत नाहीत, यंत्राच्या तोंडाशी पाइपातच मिसळतात, कारण टाकीत जिथे आम्लाची धार पडते तिथे पीएच एकच्याही खाली जातो आणि तेवढा माल गेला. ब्रॉथमध्ये चुना असेल तर गंधकाम्लाबरोबर जिप्सम होऊन पाइपांत खपली धरते, हाही एक नेहमीचा उपद्रव. मग पॉडबिल्नियाक नावाचं एक्स्ट्रॅक्टर येतं: मिनिटाला हजारो फेरे घेणारा ढोल, आत भोकं पाडलेल्या पत्र्यांची एकात एक कडी. जड रस आसाजवळून सोडतात, तो बाहेर फेकला जातो; हलका द्रावक परिघाकडून सोडतात, तो आत ढकलला जातो. दोघं एकमेकांना ओलांडतात आणि थोडक्या वेळात सुटे होतात.

समोरासमोरून नेण्याला फार महत्त्व आहे. द्रावकात पाण्याच्या दहापट पेनिसिलिन मावतं आणि रसाच्या चौथा हिस्सा द्रावक घेतला असं धरा. एकदाच घुसळलं तर जवळजवळ २९ टक्के माल रसात राहतो. तेवढ्याच द्रावकाने उलट दिशेने दोन टप्पे केले तर १०, तीन केले तर ४. द्रावकाचा थेंबही जास्त लागत नाही.

आणि इथेच मघाच्या फुटलेल्या बुरशीची प्रथिनं भेटतात. रस आणि द्रावक यांच्या सीमेवर ती जाऊन बसतात आणि दोघांना सुटं होऊ देत नाहीत. याची चाचणी अगदी साधी आहे. मोजपात्रात रस, आम्ल आणि द्रावक घालून हलवायचं आणि घड्याळ लावायचं. चांगल्या बॅचचे दोन थर पटकन, काचेसारखे वेगळे होतात. वाईट बॅचमध्ये मधोमध करड्या, ओल्या कापसासारखा पट्टा तरंगत राहतो आणि पात्र टकटकवलं तरी हलत नाही. त्याला आम्ही ‘रॅग’ म्हणतो. तो पट्टा बोटभर दिसला तर पॉडबिल्नियाक सुरू करण्यात अर्थ नाही. आधी इमल्शन (एकमेकांत अडकलेले थेंब) फोडणारं रसायन किती लागेल ते त्याच पात्रात ठरवायचं. अंदाजाने जास्त घातलेलं रसायन पुढे स्फटिकात मळ बनून येतं.

द्रावकात आलेलं पेनिसिलिन पीएच ७च्या थोड्याशा बफरमध्ये (पीएच टिकवून धरणाऱ्या द्रावणात) पुन्हा पाण्यात ओढून घेता येतं. द्रावकात विरघळलेली तेलं आणि रंग मागेच राहतात, आणि पाणी कमी घेतल्यामुळे माल दाट होतो. ही उलटी फेरी नॉर्मन हीटली यांनी १९४०मध्ये ऑक्सफर्डला बसवली. काही ठिकाणी पुन्हा आम्ल देऊन आणखी एक फेरी करतात, काही ठिकाणी पहिल्याच द्रावकावर भागवतात. बाबांचं गणित आठवा.

रंग घालवायला सक्रिय कोळसा. तो रंगाबरोबर थोडं पेनिसिलिनही गिळतो, म्हणून पूड दुधासारखी पांढरी व्हावी या हट्टापायी कोळसा वाढवत नेणाऱ्यांचा मला राग येतो. मग द्रावकात पोटॅशियम ॲसिटेटचं द्रावण सोडलं की पेनिसिलिनचं पोटॅशियम मीठ स्फटिक होऊन खाली बसतं. घाई केली तर पिठासारखे बारीक कण एकदम पडतात, त्यांच्या पोटात मळकं मातृद्रव (स्फटिक पडल्यावर उरलेला द्रव) अडकतं आणि ते गाळताही येत नाहीत. थोडे तयार स्फटिक बियाण्यासारखे टाकून, संथ ढवळत, वेळ दिला तर दाणे मोठे आणि स्वच्छ येतात. पाणी जास्त राहिलं असेल तर माल मातृद्रवातच विरघळून राहतो. शेवटी कोरड्या अल्कोहोलने धुऊन व्हॅक्यूममध्ये वाळवायचं.

बॅच संपली की आम्ही जमाखर्च मांडतो: लगद्यात किती गेलं, टाकाऊ रसात किती, कोळशात, मातृद्रवात, आणि हातात किती. बेरीज शंभर आली तर चोर सापडला. ९२ आली तर उरलेले आठ कुठे सांडले नाहीत, ते वाटेत तुटले. मग शोधायचं की रस आम्लात किती मिनिटं उभा होता.

प्रत्येक मालाची वाट अशीच नसते. सायट्रिक आम्ल धट्टंकट्टं, त्याला गरम रसात चुना घालून कॅल्शियम सायट्रेट करून पाडतात आणि गंधकाम्लाने सोडवतात. पण टनामागे सव्वा टनाहून जास्त जिप्सम गळ्यात पडतं. विकरांना द्रावकाचा वारा सोसत नाही, ती अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून पाणी काढून दाट करतात.

आई, तू विचारतेस ना, कामाचे कपडे घरी का आणत नाही? पेनिसिलिनची धूळ डोळ्यांना दिसणार नाही इतकी असली तरी ॲलर्जी असलेल्या माणसाला ती पुरते. म्हणूनच त्याची इमारत, हवा आणि यंत्रं इतर औषधांपासून वेगळी ठेवतात. कपडे तिथेच उतरवायचे, तिथेच धुवायचे, आंघोळ करूनच बाहेर पडायचं.

तुमची लेक